ताटातले झिंगे कोणी सोलले?

भैंशाच्या बाजारात मासा दोन वाटांनी येतो. एक गड्डेन्ना वागूतला, बासरकडच्या गोदावरीतला, आसपासच्या तळ्यांतला: रोहू, कटला, मरळ, कधीमधी झिंगे. दुसरा बर्फाच्या खोक्यातून, शेकडो कोस लांबून. पहिला कोणी धरला हे विचारलं तर बहुतेक वेळा गल्लीचं नाव सांगता येतं. दुसऱ्याचं तसं नाही. सोललेले, शिरा काढलेले झिंगे पिशवीतून कढईत पडतात, आणि ते सोलणारे हात कोणाचे हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

यातले बरेचसे झिंगे समुद्रातले नसतातच. आंध्रच्या किनारपट्टीवर खोदलेल्या खाऱ्या पाण्याच्या तलावांत ते वाढवतात. जात वनामी, मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिला 2009 मध्ये मोकळीक मिळाली आणि दहा-पंधरा वर्षांत देशाच्या मासळी निर्यातीत गोठवलेले झिंगे पहिल्या नंबरावर गेले. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तलावातून काढलेला माल बर्फात घालून कारखान्यात जातो. तिथं डोकी काढणं, सोलणं, शीर ओढणं, आकाराप्रमाणे निवडणं, ही कामं हातानंच होतात आणि ती करणाऱ्या बहुतेक बायका असतात. तासन् तास बर्फाच्या पाण्यात हात. मजुरी पुष्कळदा ठेकेदारामार्फत, आणि सोललेल्या मालाच्या वजनावर.

मार्च 2024 मध्ये कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब या अमेरिकेतल्या संस्थेनं आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं आंध्रमधल्या या धंद्यावर सविस्तर लिहिलं. कर्जात अडकलेले मजूर, किमान वेतनापेक्षा कमी पैसे, कारखान्याच्या आवारातच दाटीवाटीनं राहणाऱ्या परगावच्या बायका, असं बरंच त्यात आलं. निर्यातदारांनी आरोप नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं सक्तीच्या मजुरीतून तयार होणाऱ्या मालाच्या यादीत भारतीय झिंगे घातले. यादीत नाव आलं म्हणजे बंदी आली असं नाही, पण खरेदीदार प्रश्न विचारू लागतात.

आपल्या भागाला हे समजायला विडीकडे पाहिलं तरी पुरे. निर्मल, भैंसा, निजामाबाद पट्ट्यात किती घरांत बायका विड्या वळतात ते सांगायला नको. तिथंही मजुरी हजारावर, इथं किलोवर. तिथं छाट काढून पैसे कापतात, इथं झिंगा तुटला की वजनात धरत नाहीत. फरक एवढाच की विडीवालीला 1966 च्या कायद्यानं घरी बसून केलेल्या कामाचीसुद्धा ओळख दिली. त्या कायद्यामुळं ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी यांचा रस्ता उघडला. तेलंगणात पुढं 2015 पासून विडी कामगारांना पेन्शनही सुरू झाली. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे पाटीसमोर बसून कोळंबी सोलणाऱ्या बाईसाठी असा वेगळा कायदा कधी झाला नाही. डॉक 1875 चा, म्हणजे दीडशे वर्षांचा. (विडी कायदा आता नव्या श्रम संहितांत विरघळला आहे. या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यात विडीवालीच्या पदरात काय राहतं हा वेगळ्या लेखाचा विषय.)

सक्तीची मजुरी म्हटलं की डोळ्यांसमोर साखळदंड येतो. कायदा तसं म्हणत नाही. दिल्लीच्या एशियाडची स्टेडियमं बांधणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीच घटनेच्या कलम 23 प्रमाणे सक्तीची मजुरी. पोट मारतं म्हणून माणूस हो म्हणतो. तो होकार नव्हे, असा त्याचा आशय. आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे उचल देऊन माणसाला बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, मग कागदावर अंगठा असो वा नसो. उचल हा शब्द आपल्याला परका नाही. गल्फला जाताना एजंटासाठी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत माणूस मागं फिरू शकत नाही, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांनी पाहिलं आहे.

बोटीवरही तेच. पालघर, डहाणू, तलासरीकडचे आदिवासी खलाशी पावसाळा सरला की गुजरातच्या ओखा, पोरबंदर बंदरांतल्या बोटींवर जातात. निघताना घरी उचल, मग महिनोन् महिने समुद्रावर, आणि हिशेब मोसमाच्या शेवटी. मधेच सागरी हद्दीवर बोट पाकिस्तानच्या हाती लागली तर खलाशी तुरुंगात, घरची कमाई बंद. मालकाची बोट जाते, मजुराची वर्षं जातात.

मासेमारीच्या कामासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक 188 आहे. 2007 चा, 2017 पासून अमलात. लेखी करारनामा हवा, आणि तीन दिवसांहून जास्त समुद्रावर राहणाऱ्या बोटीवर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती हवी, असं त्यात म्हटलं आहे. भारतानं तो स्वीकारलेला नाही. थायलंडनं 2019 मध्ये स्वीकारला, तोही सुखासुखी नाही. 2015 मध्ये इंडोनेशियाच्या बेंजिना बेटावर पिंजऱ्यात ठेवलेले मजूर पत्रकारांनी शोधून काढले, त्या बातम्यांनंतर दोन हजारांवर माणसं सुटली, आणि युरोपनंही बेकायदा मासेमारीवरून थायलंडला इशारा दिला. गिऱ्हाइकानं डोळे वटारल्यावर कायदा हलला.

इथंच मला खटकतं. अमेरिकेला जाणाऱ्या खोक्यामागं निदान कोणी तपासणीस फिरतो, तपासणी कितीही वरवरची असो. हैदराबादच्या, नांदेडच्या, भैंशाच्या बाजारात येणाऱ्या मालाची मजुरी कोण तपासतं? दुकानदाराला विचारायला लाजू नये: माल कुठल्या कारखान्यातून आला, पाकिटावर नाव-पत्ता आहे का. उत्तर मिळेलच असं नाही, पण दहा जणांनी विचारलं की तो पुढं विचारतो.

आणि आपल्या वागूवरच्या माणसांचं काय? सरकार 2016-17 पासून तलावांत मत्स्यबीज मोफत सोडतं, पण जाळ्यासाठी पैसे व्यापाऱ्याकडून घेतले तर मासा त्याच्याच भावानं त्यालाच द्यावा लागतो. ही उचलच झाली. पाण्यात बुडून माणूस गेला तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यातून वारसाला 5 लाख रुपये मिळतात, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यासाठी 25 हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. पण यादीत नाव असावं लागतं. सोसायटीत नाव असलेल्यांनी मत्स्य खात्याकडे एकदा खात्री करून घ्यावी. नाव नसलेल्यांनी, आणि दुसऱ्याच्या जाळ्यावर रोजानं जाणाऱ्यांनी तर आधी. कोणाला उचलीपायी कामावर अडकवून ठेवलं असेल, इथं किंवा किनाऱ्यावर, तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करता येते. सुटका झाल्यावर तातडीची मदत 30 हजार रुपयांपर्यंत आहे, आणि जुनं कर्ज कायद्यानंच रद्द होतं.