पहिला नग पास होईपर्यंत

पुण्याहून बंगळुरूच्या महामार्गाने निघालं की बेळगावच्या अलीकडे हत्तरगी लागते. इथल्या सुमारे २५० एकरांच्या वसाहतीत एक्वस कंपनी आणि तिचे भागीदार विमानांचे सुटे भाग घडवतात.

असा कारखाना वाढवायचा म्हणजे शेड बांधून संगणकाने चालणारी सीएनसी मशिनं मांडली की झालं, असं वाटतं. तसं नसतं. नव्या मशिनवरच्या पहिल्या नगाचं प्रत्येक माप ड्रॉइंगशी ताडून नोंदवावं लागतं. पण खरी अडचण मशिनिंगनंतर येते. अ‍ॅल्युमिनियमचा भाग आम्लाच्या हौदात बुडवून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. हेच अ‍ॅनोडायझिंग. हा थर भागाला गंजापासून जपतो. मात्र तो नीट बसलाय का, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून तापमान, आम्लाचं प्रमाण, वेळ यांवर कडक नजर, आणि या प्रक्रियेला स्वतंत्र मान्यता. मशिनं दुप्पट केली आणि हौद तेवढाच राहिला, तर माल हौदापाशी तुंबतो.

हत्तरगीत फोर्जिंग (धातू दाबून-ठोकून आकार देणं), मशिनिंग आणि अ‍ॅनोडायझिंगसारखी प्रक्रिया एकाच आवारात आणली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. एरवी एकेक भाग या टप्प्यांसाठी गावोगाव, कधी देशोदेशी फिरतो.