मुठीएवढा अग्नी

“बाबा, मला एक टॉर्च हवी,” असे आमच्या कन्यकेने गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी सांगितले, तेव्हा मी उठून कपाटातली विजेरी तिच्या हाती दिली. त्यावर मायलेकी अशा काही हसल्या की, वीस वर्षे मराठी शिकवूनही मला एका शब्दाचा अर्थ कळू नये याचा मलाच खेद वाटला. तिला हवी होती ती उजेडाची टॉर्च नव्हे, आगीची! ब्यूटेन वायूवर चालणारी, मुठीत मावणारी. साय आणि अंड्याचा बलक यांपासून क्रेम ब्रूले नावाचा एक फ्रेंच पदार्थ करतात. त्यावर साखर भुरभुरायची आणि ज्योतीने ती वितळवून काचेसारखा पापुद्रा आणायचा, असा तिचा बेत होता.

मध्यमवर्गीय बाप करतो तेच मी केले. पदपथावर एकाने दीडशे रुपये सांगितले. मी घासाघीस करून एकशेवीसला ती वस्तू घेतली आणि विजयी वीराप्रमाणे घरी आलो. खटका दाबताच निळी ज्योत फुर्रकन बाहेर पडली. सर्वांना आनंद झाला.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी दुपारी कन्यकेने काम आटोपून टॉर्च बंद केली आणि खिडकीशी उन्हात ठेवली. शेजारीच आकाशकंदिलाचे कागद पडले होते. नळीच्या तोंडाशी एक बारीकशी ज्योत तशीच राहिली होती. पण ब्यूटेनची निळी ज्योत उन्हात दिसते कुणाला? कागदांनी पेट घेतला तेव्हाच आम्हांला कळले. सौभाग्यवतींनी प्रसंगावधान राखून ओले पोतेरे टाकले म्हणून पडदा वाचला. मला कोणी काही बोलले नाही. तेच अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी ती टॉर्च घेऊन मी आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांचे वडील बकनळीने दिव्याची ज्योत फुंकून दागिन्यांना डाक देत. काका तेच काम आता गॅसवर करतात. त्यांनी टॉर्च उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “सर, घेताना विझवून पाहिली होती का?”

“पेटवून पाहिली होती.”

“पेटते हो कुठलीही. बघायचं असतं ते विझणं.”

पुढे अर्धा तास त्यांनी मला जे शिकवले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

घरगुती टॉर्च दोन प्रकारच्या. एकीच्या पोटातच लहानशी टाकी असते आणि ती लायटरच्या गॅसच्या डब्याने पुन्हा भरता येते. दुसरी म्हणजे नुसते तोंड. ते गॅसच्या मोठ्या डब्यावर बसवायचे. साखरेच्या पापुद्र्यासारख्या नाजूक कामाला पहिली पुरते. दुसरीची ज्योत मोठी असते. पण डबा तिरपा केला की आतला पातळ गॅस तोंडाशी येतो आणि पिवळा भडका उठतो. निदान पहिली दोन मिनिटे तरी ती उभी धरावी.

दुकानात ती पाचसहा वेळा पेटवून विझवून पाहावी. खटका सोडल्याबरोबर ज्योत गेली पाहिजे. मुलांच्या हाताने सहज पेटू नये यासाठी अडकवण हवे. बूड रुंद असावे; धक्क्याने आडवी होणारी टॉर्च फुकट मिळाली तरी घेऊ नये. तोंडाची नळी धातूची असावी. ज्योत लहानमोठी करणारी चकती कमीअधिक फिरवताच ज्योत त्याप्रमाणे बदलावी. ठिणगी पाडणारा खटका मात्र बिघडला तरी घाबरू नये. पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनी 1880 साली दाखवून दिले की, काही स्फटिकांवर दाब दिला म्हणजे वीज उत्पन्न होते. त्याच तत्त्वावर तो चालतो. तो बंद पडला तर गैरसोय होते. झडप गळू लागली तर घर जळते.

गळती पाहण्याची रीत आपण सिलिंडरला वापरतो तीच. सांध्यांवर साबणाचा फेस लावावा; बुडबुडे फुगले तर टॉर्च परत करावी.

गॅस भरताना टॉर्च पूर्ण निवलेली असावी. आतला उरलेला गॅस बारीक पेचकसाने झडप दाबून मोकळा करावा, टॉर्च उलटी धरावी आणि वरून डबा सरळ दाबावा. भरल्यावर काही मिनिटे थांबून मगच पेटवावी. हे सारे खिडक्या उघड्या ठेवून करावे. आणि दिवाळीत तर एक गोष्ट विसरू नये: ब्यूटेन हवेच्या सुमारे दुप्पट जड. सांडलेला गॅस वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. आणि आपल्या पणत्या असतात त्या जमिनीवरच!

मी धीर करून विचारले, “हिच्यावर वांगं भाजता येईल का?” काका हसले. या ज्योतीची उष्णता हजार अंशांच्या वर. साल क्षणात करपेल आणि आतले वांगे कच्चेच राहील. भरिताला सावकाश मुरणारी आच लागते.

काकांच्या सल्ल्याने पुढची टॉर्च मी पावती देणाऱ्या दुकानातून घेतली. पैसे चौपट पडले. तरी ते फराळाच्या एका डब्याहून अधिक नव्हते. भाऊबीजेला क्रेम ब्रूले झाले. चमच्याने वरचा पापुद्रा टचकन फुटला तेव्हा माझी बहीणसुद्धा खूश झाली.

तेव्हापासून आमच्याकडे एक नेम आहे. टॉर्च विझवली की कन्यका ती सावलीत धरते, नळीच्या तोंडाकडे पाहत मोठ्याने दहापर्यंत मोजते आणि मगच खाली ठेवते. परवा पाहिले, तर रात्री सिलिंडर बंद करताना तिची आईही पुटपुटत होती. आठ, नऊ, दहा.