ड्रॅग रेसिंग : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल कोणते?

अवघ्या ४०२ मीटरची सरळ धाव, हिरवा दिवा लागताच झेपावणाऱ्या दोन मोटारी आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागणारा निकाल, हे अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगचे स्वरूप. या शर्यतीत इंजिनावर अमाप पैसा खर्च होतो. मात्र ती ताकद चाकांपर्यंत पोहोचते की गिअरबॉक्समध्येच विरून जाते, हे बऱ्याच अंशी तेथील लाल तेलावर अवलंबून असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल हे केवळ वंगण नसते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती पुढे नेणे, दाबाच्या साह्याने क्लच आवळणे, गिअरचे दाते झिजू न देणे आणि उष्णता वाहून नेणे अशी चार कामे त्याला एकाच वेळी करावी लागतात. त्यातच परस्परविरोध दडलेला आहे. दात्यांना निसरडेपणा हवा असतो, तर क्लचच्या चकत्यांना घट्ट पकड.

हा तिढा दोन कंपन्यांनी दोन प्रकारे सोडविला. जनरल मोटर्सने १९६७ मध्ये आणलेल्या 'डेक्स्रॉन'मध्ये घर्षण सौम्य करणारी द्रव्ये होती. त्यामुळे गिअर अलगद बदलतो आणि प्रवाशाला हिसका बसत नाही. प्रारंभीच्या अशा तेलांत स्पर्म व्हेल माशाचे तेल वापरले जाई. १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर निर्बंध आल्यावर पर्याय शोधावे लागले. फोर्डच्या 'टाइप एफ' तेलात मात्र ही द्रव्ये नव्हती. साहजिकच चकत्या झटकन एकमेकींना पकडतात. हिसका बसतो, पण घसरण कमी होते.

रस्त्यावर दोष ठरणारा हा हिसका शर्यतीत गुण ठरला. चकत्या घसरत राहिल्या तर वेळ जातो आणि त्या जळतातही. म्हणूनच शेवरोलेचा १९५० मधील दोन गिअरचा 'पॉवरग्लाइड' किंवा १९६४ मधील 'टर्बो-हायड्रामॅटिक ४००' या जनरल मोटर्सच्याच गिअरबॉक्सांत अनेक स्पर्धक 'टाइप एफ' धर्तीचे तेल ओततात.

अर्थात हा नियम सरसकट लागू पडत नाही. २०१८ च्या मॉडेलपासून मस्टँगमध्ये आलेल्या दहा गिअरच्या ऑटोमॅटिकसाठी फोर्डने अतिशय पातळ असे 'मर्कॉन यूएलव्ही' तेल ठरवून दिले आहे. त्यातील झडपा, संगणकीय नियंत्रण आणि कन्व्हर्टरमधील क्लच त्याच तेलाच्या गुणधर्मांवर बेतलेले असतात. तेथे जुने 'टाइप एफ' ओतणे म्हणजे बिघाडाला आमंत्रण होय. त्यामुळे गिअरबॉक्स बांधणाऱ्याने चकत्यांचा कोणता पदार्थ वापरला आहे आणि कन्व्हर्टर बनविणारा कोणते तेल सुचवितो, हे आधी विचारणे श्रेयस्कर.

तेलाचा खरा शत्रू उष्णता. 'ट्रान्सब्रेक' लावला की गिअरबॉक्स एकाच वेळी पुढच्या व मागच्या गिअरमध्ये अडकतो, मोटार जागीच थांबते आणि इंजिनाची सारी शक्ती कन्व्हर्टरमधील तेल घुसळण्यात जाते. काही क्षणांतच तापमान भराभर चढते. सुमारे ८० अंश सेल्सियसच्या वर दर ११ अंशांमागे तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. तपकिरी रंग आणि करपट वास आला की तेल बदलावेच. शिवाय तापमानागणिक तेलाचा पातळपणा बदलतो. आपल्या धावेची वेळ आधीच जाहीर करावी लागणाऱ्या 'ब्रॅकेट' शर्यतीत प्रत्येक फेरीला तापमान सारखे राखणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

पातळीचेही तसेच. तेल जास्त झाले तर फिरत्या भागांनी घुसळून फेस होतो आणि दाब पडतो. कमी असेल तर मोटार झेपावताना ते मागे लोटले जाऊन पंप हवा ओढतो. त्यासाठीच शर्यतीच्या मोटारींना खोल तेलपात्र बसवितात.

यात प्रश्न केवळ जिंकण्या-हरण्याचा नाही. सांडलेले तेल मागच्या चाकाखाली आले तर ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात मोटार सावरणे कठीण. गिअरबॉक्स फुटल्यास काय होते, हे डॉन गार्लिट्स यांनी ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील 'लायन्स' धावपट्टीवर अनुभवले. त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यांची यंत्रणा आजच्या ऑटोमॅटिकसारखी नव्हती, परंतु धोका तोच. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या 'एनएचआरए' या संघटनेच्या नियमांनुसार १०.९९ सेकंद वा त्याहून कमी वेळेत ४०२ मीटर कापणाऱ्या मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला संरक्षक कवच बंधनकारक आहे.

थोडक्यात, डब्यावरील 'रेसिंग' हा शब्द पाहून तेल निवडू नये. गिअरबॉक्स कोणता, चकत्या कशाच्या आणि तेल किती तापते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड आपोआप सोपी होते.