वयामुळे काम सुटलं? 'घरबसल्या कमाई'ला पैसे भरण्याआधी हे वाचा

पंचेचाळिशी-पन्नाशीत काम सुटलं की मोबाइलवर मेसेज येतो: "घरबसल्या कमवा, फक्त रजिस्ट्रेशन फी भरा." थांबा!

आधी हक्काचे पैसे मागा. खासगी नोकरीतल्या वयभेदावर आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण कामगार कपातीत, एकाच प्रकारच्या कामात, 'शेवटी आलेला आधी बाहेर' हा साधारण नियम आहे. जुन्याला आधी काढलं तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. वर्षभर सलग काम झालं असेल तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. म्हणून घाईत राजीनाम्यावर सही करू नका; कामगार आयुक्त कार्यालयात विचारा.

आता स्कीम. २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार कंपनीला जॉइनिंग फी घेता येत नाही. नुसती माणसं जोडून पैसे मिळणार असतील, तर १९७८ च्या कायद्याने तो गुन्हाच. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा.

घरूनच करायचंय? आपल्या सोलापूरची शेंगा चटणी, कडक भाकरी आहेच. अन्न नोंदणी करा, पाच किलोपासून सुरू करा. भरपाईचे पैसे शेंगदाण्यात घाला, कुणाच्या साखळीत नको!