जस्ताचं कवच

रत्नागिरीत घरं बांधताना मला ग्लेन मर्कट हे ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकार फार जवळचे वाटतात. न्यू साउथ वेल्समधल्या केम्प्सीजवळ त्यांनी १९७५ मध्ये मेरी शॉर्ट यांचं घर पूर्ण केलं. जमिनीपासून उचललेलं, लाकडी, वर नालीदार जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, माथ्यावर गोल वळवलेला. पत्रा म्हणजे गोठ्या-गुदामाचं सामान असं मानणाऱ्यांनी ते घर पाहावंच. २००२ चं प्रित्झकर पारितोषिक मर्कट यांना मिळालं.

हा थर असा चढतो: साधारण ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्ताच्या टाकीत पोलाद बुडवलं की दोन्ही धातू एकजीव होऊन थर जमतात. रंगाला ओरखडा पडला तर तिथून गंज आत शिरतो. जस्ताच्या थरावर मात्र ओरखड्याभोवतीचं जस्त स्वतः झिजतं आणि पोलादाला वाचवतं. याच गुणासाठी मला हे साहित्य प्रिय आहे.

पण खारं वारं जस्त लवकर खातं. म्हणून किनाऱ्याजवळ मी जाड थराचाच आग्रह धरते, आणि कटिंग, वेल्डिंग, भोकं सगळं उरकल्यावरच पोलादी सांगाडा जस्तात बुडवायला पाठवते. नंतर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं. मग जस्तयुक्त रंग लावावाच लागतो. पोकळ पाइपांना हवा जायला भोकंही हवीत, नाहीतर आत कोंडलेली वाफ त्या टाकीत पाइप फोडू शकते.