‘हिराबा’ : वाटसरूंच्या रक्षणाचा कायदा कुठवर पोहोचला?

इराणमध्ये 8 डिसेंबर 2022 रोजी एका तरुण निदर्शकाला फाशी देण्यात आली. तेहरानमधील रस्ता अडवून निमलष्करी दलाच्या एका सदस्याला शस्त्राने जखमी केल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने कोणाचा जीव घेतला नव्हता. तरीही न्यायालयाने त्याला ‘मोहारेबे’, म्हणजे ईश्वराशी युद्ध, या गुन्ह्याखाली दोषी ठरवले. या संज्ञेचे मूळ वाटमारीविषयक जुन्या इस्लामी कायद्यात, ‘हिराबा’त आहे.

कुराणाच्या पाचव्या सूरेतील 33वी आयत हा त्याचा आधार होय. तीत मृत्युदंड, सुळावर चढवणे, विरुद्ध बाजूंचे हात-पाय तोडणे आणि हद्दपारी अशा चार शिक्षा सांगितल्या आहेत. शाफिई व हनबली विधिज्ञांनी गुन्ह्याच्या तीव्रतेनुसार त्यांची श्रेणी लावली : खुनाला मृत्युदंड, केवळ लुटीला अवयवच्छेद, नुसत्या दहशतीला हद्दपारी. मालिकी पंथाने निवडीचा बराच अधिकार शासकाकडे ठेवला. अबू हनीफांच्या मते हा गुन्हा नगराबाहेर, जिथे हाकेला कोणी धावून येत नाही, अशा ठिकाणीच घडतो. मालिकींनी हा भेद मानला नाही.

साध्या खुनात मृताचे वारस मारेकऱ्याला क्षमा करू शकतात. वाटमारीतील खुनात मात्र ती मुभा नाही, कारण अपराध साऱ्या समाजाच्या निर्भयतेविरुद्ध असतो. पण 34वी आयत एक दार उघडे ठेवते : पकडले जाण्यापूर्वी पश्चात्ताप करून शरण येणाऱ्याची ही विशेष शिक्षा टळते. पीडितांचे हक्क मात्र कायम राहतात.

याहून महत्त्वाचा भेद बंडखोराचा. सत्तेविरुद्ध एखाद्या भूमिकेतून संघटितपणे उठणाऱ्याला जुने विधिज्ञ ‘बागी’ म्हणत आणि त्याला लुटारूपेक्षा सौम्य वागणूक देत. लोभाने मारणारा आणि मतासाठी लढणारा यांना त्यांनी एका तराजूत तोलले नाही.

आधुनिक राज्यांनी ही कल्पना वेगवेगळ्या मापाने स्वीकारली. पाकिस्तानच्या 1979च्या हुदूद अध्यादेशाने ‘हराबा’ मालमत्ता हिसकावण्यासाठी केलेल्या बळाच्या प्रदर्शनापुरता ठेवला. इराणच्या 2013च्या दंडसंहितेतील कलम 279 मात्र लुटीची अट घालत नाही : लोकांच्या जिवावर, मालमत्तेवर वा अब्रूवर उठून किंवा त्यांना भयभीत करण्यासाठी शस्त्र उपसले आणि असुरक्षितता निर्माण झाली, की गुन्हा पूर्ण होतो. चारपैकी कोणती शिक्षा द्यायची, हे न्यायाधीश ठरवतो.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम 310नुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. ही कसोटी संख्येची आहे, आणि संख्या मोजता येते. ‘असुरक्षितता’ मोजायला तसे माप नाही. ती कुठे सुरू झाली हे सांगणारे न्यायालय त्याच सत्तेचे असेल, तर वाटसरूला अभय देण्यासाठी घडवलेला कायदा रस्त्यावर उतरलेल्या नागरिकालाच भयभीत करू लागतो.