मत खासदाराला, वाद पंतप्रधानाचा : ब्रिटनच्या मुस्लिम मतदारांनी २०२४ मध्ये काय केलं?

४ जुलै २०२४ ला ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याआधीचे सहा आठवडे तिथल्या मुस्लिम घरांत, मशिदीबाहेर, टॅक्सी स्टँडवर एकच वाद चालू होता. वडीलधारे म्हणत, ‘आपण आयुष्यभर मजूर पक्षाला मत दिलं, आताही तेच करू. नाहीतर हुजूर पक्ष परत येईल.’ तरुण मुलं-मुली म्हणत, ‘गाझावर जो नेता गप्प बसला, त्याच्या पक्षाला आम्ही मत देणार नाही.’ एकाच दस्तरख्वानवर बसलेल्या बाप-लेकाची मतं दोन दिशांना गेली.

हा वाद दूरचा वाटतो, पण आपल्यालाही तो ओळखीचा आहे. कारण निवडणुकीची पद्धत तीच आहे. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं, तो खासदार. निम्म्याहून अधिक मतं मिळालीच पाहिजेत अशी अट नाही. ही पद्धत आपण त्यांच्याकडूनच घेतली. म्हणून तिथे काय घडलं, ते नीट समजून घेणं उपयोगाचं आहे.

मतपत्रिकेवर नेत्याचं नाव नसतं

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात ६५० जागा आहेत. मतदार फक्त आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो. ऋषी सुनक यांचं नाव फक्त त्यांच्या मतदारसंघातल्या मतपत्रिकेवर होतं, आणि कीर स्टार्मर यांचं त्यांच्या. बाकीच्या ६४८ मतदारसंघांतल्या लोकांना दोघांपैकी एकालाही थेट मत देता येत नव्हतं.

मग नेता ठरवतं कोण? पक्ष ठरवतो. २०२२ चं उदाहरण घ्या. बोरिस जॉन्सन यांनी राजीनामा दिल्यावर हुजूर पक्षाच्या सभासदांनी मतदान केलं. लिझ ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मतं पडली. म्हणजे कोट्यवधी लोकांच्या देशाचा पंतप्रधान दीड लाखाहून कमी मतदानात ठरला. ट्रस यांचं सरकार दोन महिनेही टिकलं नाही. त्यानंतर सुनक आले, तेव्हा सभासदांचं मतदानही झालं नाही. खासदारांचा पाठिंबा पुरला. सामान्य मतदाराला या दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

असं असूनही लोक नेत्यांवरच का भांडतात? याला कारणं आहेत. एक म्हणजे टीव्ही. २०१० पासून पक्षनेत्यांच्या समोरासमोर वादचर्चा होऊ लागल्या आणि निवडणूक दोन चेहऱ्यांची कुस्ती वाटू लागली. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. खासदार निवडून गेला तरी सभागृहात तो पक्षाच्या आदेशाने मत देतो, आणि तो आदेश नेत्याच्या हातात असतो. तिकीट कुणाला द्यायचं यावरही वरूनच नजर असते. म्हणजे मत उमेदवाराला दिलं तरी ताकद नेत्याची वाढते. मतदार नेत्यावर भांडतो ते उगाच नाही.

गाझाचा प्रश्न आणि तुटलेला विश्वास

२०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ३९ लाख मुस्लिम आहेत, लोकसंख्येच्या ६.५ टक्के. त्यांच्यातले बहुतेक लोक पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाचे मतदार. कापड गिरण्यांत आणि कारखान्यांत काम करायला आलेल्या पहिल्या पिढीचं हे नातं होतं. ते आधीही एकदा ताणलं गेलं होतं. २००३ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या सरकारने इराक युद्धात उडी घेतली, आणि २००५ मध्ये जॉर्ज गॅलोवे यांनी पूर्व लंडनमधली बेथनल ग्रीन अँड बो ही जागा मजूर पक्षाकडून ८२३ मतांनी हिसकावली.

ऑक्टोबर २०२३ नंतर तीच जखम पुन्हा उघडली. एका रेडिओ मुलाखतीत स्टार्मर यांना गाझाची वीज आणि पाणी तोडण्याबद्दल विचारलं गेलं. इस्राएलला तो हक्क आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. पुढे आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं, असा खुलासा त्यांनी केला. पण ती क्लिप तोवर प्रत्येक फोनवर पोहोचली होती. १५ नोव्हेंबर २०२३ ला संसदेत तातडीच्या युद्धबंदीच्या मागणीवर मतदान झालं. मजूर पक्षाने आपल्या खासदारांना तटस्थ राहायला सांगितलं. ५६ खासदारांनी आदेश मोडून युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं. त्यांतल्या नाझ शाह, अफझल खान, यास्मिन कुरेशी, जेस फिलिप्स अशा काहींना पक्षातली पदं सोडावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षाने भूमिका बदलून युद्धबंदीची मागणी केली, पण अनेकांच्या मनातून तोवर तो उतरला होता.

घरातला वाद खरं तर इथे होता. मोठी माणसं चुकीचं बोलत नव्हती. चौदा वर्षांच्या हुजूर राजवटीत महागाई वाढली होती, सरकारी दवाखान्यांतल्या रांगा लांबल्या होत्या, निर्वासितांना रवांडाला पाठवण्याची योजना आखली गेली होती. हे थांबवायचं तर मजूर पक्षच हवा, असं त्यांचं म्हणणं. तरुणांचं म्हणणं असं, की मत गृहीत धरलं गेलं तर त्याची किंमत राहत नाही. दोन्ही बाजूंना वजन होतं.

निकाल काय सांगतो?

मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा जिंकल्या. हुजूर पक्ष १२१ वर आला. स्टार्मर पंतप्रधान झाले. पण या मोठ्या विजयात काही जागा हातातून गेल्या. लेस्टर साउथमध्ये अपक्ष शौकत अॅडम यांनी जॉनथन अॅशवर्थ यांना ९७९ मतांनी हरवलं. ब्लॅकबर्नमध्ये अदनान हुसेन १३२ मतांनी जिंकले. बर्मिंगहॅम पेरी बारमध्ये अयूब खान ५०७ मतांनी. ड्यूझबरी अँड बॅटलीत इक्बाल मोहम्मद. पक्षातून बाहेर पडलेले माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांनीही इस्लिंग्टन नॉर्थ अपक्ष म्हणून राखलं. पुढे आरोग्यमंत्री झालेले वेस स्ट्रीटिंग इलफर्ड नॉर्थमध्ये २३ वर्षांच्या लियान मोहम्मद यांच्यापुढे केवळ ५२८ मतांनी वाचले.

हे वाचून कुणालाही वाटेल की तरुणांचंच बरोबर होतं. पण गणिताची दुसरी बाजूही बघा.

लेस्टर साउथला लागूनच लेस्टर ईस्ट आहे. तिथे मजूर पक्षाचे दोन माजी खासदार, क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ, वेगवेगळे उभे राहिले. मतं इतकी फुटली की हुजूर पक्षाच्या शिवानी राजा सुमारे ३१ टक्के मतांवर जिंकल्या. त्या वर्षी हुजूर पक्षाने मजूर पक्षाकडून घेतलेली ही एकमेव जागा. एकाच शहरात, शेजारच्या दोन मतदारसंघांत, नाराजीचे दोन उलटे परिणाम झाले. फरक एवढाच, की साउथमध्ये नाराज मत बऱ्याच अंशी एका नावामागे एकवटलं, ईस्टमध्ये ते अनेक नावांत वाटलं गेलं.

चिंगफर्ड अँड वुडफर्ड ग्रीनचं उदाहरण तर शाळेतल्या फळ्यावर मांडावं असं आहे. तिथे फैझा शाहीन यांना मजूर पक्षाने आधी तिकीट दिलं आणि ऐन निवडणुकीत काढून घेतलं. त्या अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांना १२,४४५ मतं मिळाली, मजूर पक्षाच्या नव्या उमेदवाराला १२,५२४, आणि हुजूर पक्षाचे इयन डंकन स्मिथ १७,२८१ मतं घेऊन जिंकले. पहिल्या दोघींची बेरीज जवळजवळ २५ हजार होते. पण या पद्धतीत बेरजेला जागा मिळत नाही.

शिक्षा कुणाला झाली?

आणखी एक गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. युद्धबंदीच्या बाजूने मत देऊन पद गमावलेल्या जेस फिलिप्स यांची जागा जाता जाता वाचली. मताधिक्य फक्त ६९३. ब्रॅडफर्ड वेस्टच्या नाझ शाह यांचंही तेच, मताधिक्य ७०७. नेत्याच्या विरोधात उभं राहण्याची हिंमत ज्यांनी दाखवली, नेत्यावरचा राग त्यांच्यावरच निघाला. उलट स्टार्मर स्वतः आपल्या मतदारसंघात ११,५७२ च्या आघाडीने आरामात निवडून आले, जरी ती आघाडी आधीच्या निम्म्याहून कमी होती.

पक्षावर दबाव आणायचा असेल तर पक्षातल्या आपल्या बाजूच्या माणसाला पाडून तो वाढतो की कमी होतो? याचं एकच उत्तर नाही. काहींच्या मते चिन्ह पाहूनच धडा शिकवावा लागतो. पुढे २१ सप्टेंबर २०२५ ला स्टार्मर सरकारने पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. यामागे जगभरातली अनेक कारणं होती, सगळं श्रेय मतपेटीला देता येणार नाही. पण आपल्या मतदारांचा एक हिस्सा कायमचा जाऊ शकतो, हे पक्षाला जुलै २०२४ मध्येच दिसलं होतं, हेही खरं.

तिथे असलेल्या आपल्या माणसांसाठी

मुंबई, पुणे, कोकणातून शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनला गेलेल्या अनेकांना एक गोष्ट माहीतच नसते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे. त्यामुळे तिथे कायदेशीर राहणारा १८ वर्षांवरचा भारतीय नागरिक, ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही, संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. त्यासाठी मतदार यादीत नाव नोंदवावं लागतं, आणि ही नोंदणी प्रत्येकाने स्वतःची करायची असते. पूर्वी घरातला एक जण सगळ्यांची नावं भरायचा. २०१४ पासून ती पद्धत बदलली. आता सुनेचं मत सासऱ्याच्या फॉर्मवर अवलंबून नाही, ही छोटी गोष्ट नव्हे. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्टही चालतो. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ च्या आत होणार आहे.

घरात वाद होणारच, पण कसा?

मत ही अमानत आहे असं आपण म्हणतो. मग ती कुणाच्या हवाली करायची, याचा मशवरा घरात व्हायलाच हवा. ब्रिटनच्या अनुभवातून तीन प्रश्न वेगळे काढता येतात. देशाचा नेता कोण हवा? आपल्या भागातला उमेदवार कसा आहे, कठीण वेळी त्याने काय केलं? आणि आपल्या मतदारसंघात जिंकण्याच्या शर्यतीत खरंच कोण कोण आहे? बरेचदा बाप पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो, मुलगी दुसऱ्याचं, आणि दोघांना वाटतं समोरचा चुकतोय.

तिन्ही प्रश्न एका कागदावर लिहून एकेकाचं उत्तर सगळ्यांनी मिळून शोधलं, तर मतभेद राहतील, पण ते मुद्द्याचे राहतील. आणि मतदानाच्या रात्री निकाल काहीही लागला, तरी सकाळी नाश्त्याला सगळे एकत्र बसतील.